टोर्नेडोचा भोंगा: बटण कोणाकडे, हुकूम कोणाचा

16 मे 2025 च्या दुपारी अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातून ईएफ-3 तीव्रतेचा (0 ते 5 च्या मापावर 3) टोर्नेडो गेला. राष्ट्रीय हवामान सेवेचा इशारा आलेला होता, तरी शहराचे भोंगे गप्प राहिले. आपत्ती व्यवस्थापन विभागाची माणसं कार्यशाळेसाठी बाहेर होती आणि बटण कार्यालयात होतं. त्यांनी अग्निशमन दलाला फोन केला, पण ‘तुम्ही वाजवा’ असा स्पष्ट हुकूम त्या बोलण्यात नव्हता. दलाकडचं बटण चालत नसल्याचंही नंतरच्या तपासणीत कळलं. माणसं दगावली. त्यानंतर शहराने ही जबाबदारी एकट्या अग्निशमन दलाकडे दिली.

कोणत्याही शहराची भोंग्यांची योजना लिहिताना सुरुवात इथूनच करावी. हवामान सेवा फक्त इशारा देते, भोंगा वाजवायचा तो स्थानिक यंत्रणेने. म्हणून पहिलं काम, बटण एकाच टेबलाचं करणं. ते टेबल चोवीस तास माणूस बसलेलं हवं, म्हणजे 911 (अमेरिकेतला तातडीच्या मदतीचा फोन क्रमांक) किंवा अग्निशमन दलाचा नियंत्रण कक्ष. दहा ते सहा चालणारं कार्यालय या कामाचं नाही, मग तिथला अधिकारी कितीही जाणकार असो. दुसरं, राखीव टेबल वेगळ्या इमारतीत, वेगळ्या वीजजोडणीवर ठेवा. मुख्य टेबलाकडून एका मिनिटात ‘वाजले’ असा निरोप आला नाही, तर राखीव टेबलाने न विचारता बटण दाबायचं, हे लेखी असावं.

परवानगीची पायरी काढून टाका. 2007 पासून हवामान सेवा टोर्नेडोचा इशारा अख्ख्या काउंटीला (जिल्ह्याला) न देता नकाशावर बहुभुज आखून देते. तो बहुभुज शहराच्या हद्दीला लागला की बटण दाबायचं, वरिष्ठांना फोन नंतर. हाताशी वेळ कित्येकदा दहाएक मिनिटांचाच असतो आणि एका फोनमध्ये त्यातली दोन सहज जातात. इशारा दोन वाटांनी यायला हवा: एक इंटरनेटवरून, दुसरी 162.400 ते 162.550 मेगाहर्ट्झवरच्या हवामान रेडिओवरून.

तरीही तोंडी हुकूम द्यायची वेळ आलीच, तर वाक्य आधीच छापून टेबलावर चिकटवा. त्यात चार गोष्टी असाव्यात: कोण बोलतंय, कशासाठी, कोणते भोंगे, किती वेळ. ‘आपत्ती कक्ष बोलतोय. टोर्नेडोचा इशारा. सगळे भोंगे, तीन मिनिटं, तुम्ही आत्ता वाजवा.’ समोरच्याने तेच शब्द परत म्हणायचे आणि वेळ नोंदवायची. ‘भोंग्यांचं बघता ना?’ हा हुकूम नव्हे. दोघंही ‘हो’ म्हणतात आणि दोघांनाही दुसरा वाजवतोय असं वाटतं.

शेजारच्या हद्दींशी निकष जुळवणं कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका. आवाज हद्द ओळखत नाही. एकीकडे जोरदार वाऱ्यालाही भोंगा आणि पलीकडे फक्त टोर्नेडोला, असं असेल तर मधल्या वस्तीला अर्थ लागत नाही. 22 मे 2011 ला मिसूरीतल्या जॉप्लिनमध्ये पहिला भोंगा 5:11 ला वाजला, दुसरा 5:38 ला. बहुतेकांनी पहिल्यावर लगेच आसरा घेतला नाही. नेहमीचाच भोंगा म्हणून ते खात्री करून घेत राहिले. दीडशेहून अधिक लोक गेले.

भोंगा उघड्यावरच्या माणसांसाठी असतो. 100 फुटांवर 125 डेसिबल देणारा भोंगा, अंतर दुप्पट झालं की 10 डेसिबल कमी या ढोबळ हिशेबाने, 3,200 फुटांवर 75 वर येतो. बंद खिडक्या आणि चालू एसीमागे तो पोचेलच असं धरू नका. मोबाइलवरचा इशारा त्याच क्षणी जायला हवा.

चाचणी महिन्यातून एकदा आवाज करून घ्या, पण ढगाळ दिवशी नको, लोक खरंच धावतील. एका महिन्यात मुख्य टेबलावरून, पुढच्या महिन्यात राखीव टेबलावरून. मधूनमधून मुख्य वीज तोडून बॅटरीवर वाजवा. जुनी बॅटरी नुसती मोजली की पूर्ण व्होल्टेज दाखवते आणि भार पडताच बसते. भोंगा उलट निरोप पाठवणारा नसेल, तर प्रत्येकाखाली ऐकायला माणूस उभा करा.

बंद करण्याची कृतीही लिहून ठेवा. एप्रिल 2017 मध्ये टेक्सासमधल्या डॅलस शहराचे सगळे 156 भोंगे कुणीतरी बनावट रेडिओ संकेताने मध्यरात्रीच्या सुमारास सुरू केले आणि ते तासाहून जास्त वेळ पुन्हा पुन्हा वाजत राहिले. संकेत कूटबद्ध असावा आणि यंत्रणेची जोडणी तोडण्याचा अधिकार कोणाला, हे रात्रपाळीला माहीत असावं.

आणि गिरणीसारखा सुटीचा भोंगा ठेवू नका. धोका टळल्याची खबर रेडिओ, टीव्ही आणि फोनवरून द्या. भोंगा पुन्हा वाजला, तर त्याचा अर्थ एकच राहू द्या: आत जा.