कोल्हापुरात ‘अडीच बीएचके’ भाड्याने घेताना

एजंट ‘टू बीएचके प्लस स्टडी’ म्हणाला की आधी एवढंच विचारा: ती जादा खोली बिल्डरने बांधलेली आहे, की टेरेस बंद करून केलेली? भाडं दोन्हींचं एकाच दमात सांगितलं जातं, राहण्यात मात्र खूप फरक पडतो. बांधलेल्या खोलीला स्लॅब, पक्की भिंत आणि सपाट फरशी असते. बंद टेरेसवर बऱ्याचदा पत्रा असतो, एका बाजूला ॲल्युमिनियमची सरकती खिडकी आणि पाणी निघून जावं म्हणून फरशीला दिलेला उतार. उतार पायाला कळत नसेल तर गोटी ठेवून बघा. अशा फरशीवर कपाट डुगडुगतं, दारं आपोआप उघडतात. एप्रिलच्या दुपारी पत्र्याखाली बसून काम होत नाही, म्हणून ही खोली सकाळी न बघता दुपारी तीनला बघा.

खोली कशासाठी हवी आहे, हे घर बघायच्या आधी ठरवा. दिवसाचं एक काम, रात्रीचं एक. दिवसा ऑफिस आणि रात्री पाहुण्यांची झोप, हे जमतं. ऑफिस, देवघर, मुलांचा अभ्यास आणि जोतिबाच्या यात्रेला येणारे पै-पाहुणे, सगळं एकाच खोलीत घालायला गेलं की तिची अडगळ होते.

मग टेप लावा. दिवाण साधारण 6 बाय 3 फूट, टेबल 4 बाय 2, आणि खुर्ची मागे सरकवून उठायला अडीच फूट लागतात. खोली 8 फूट रुंद असेल तर एका भिंतीला दिवाण, समोरच्या भिंतीला टेबल लावून मध्ये 3 फूट राहतात, म्हणजे काम होतं. 7 फुटांत 2 फूट उरतात, खुर्ची दिवाणाला टेकते. 6 फुटांत एकच फूट राहतो. तिथे भिंतीला घडी होणारं टेबल घ्या किंवा दिवाणाचा नाद सोडा. दार आत उघडत असेल तर त्याची अडीच फुटांची फेरीही जागा खाते. जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून हे सगळं मांडून बघा, पाच मिनिटांत उलगडा होतो.

कोल्हापूरचा पाऊस या खोलीची खरी परीक्षा घेतो. पश्चिमेकडून वाऱ्याबरोबर येणारी झड सरकत्या खिडकीवर आपटते. उन्हाळ्यात घर बघत असाल तर खिडकीच्या खालच्या पट्टीत तांब्याभर पाणी हळूहळू ओता. पट्टीला बाहेरच्या बाजूने बारीक भोकं असतात, तिथून पाणी निघून गेलं पाहिजे. ते तुंबून आतल्या कडेवरून ओघळलं, तर पावसाळ्यात त्या भिंतीला कॉम्प्युटर, पुस्तकं किंवा गादी ठेवता येणार नाही. घरातल्या एकाच भिंतीला ताजा रंग असेल तर ती ओली होते का, हे मालकाला सरळ विचारा.

बंद टेरेसची वीज बहुतेक वेळा बेडरूमच्या बोर्डातून वायर ओढून आणलेली असते. इस्त्री सोबत न्या, पंखा आणि दिवा चालू ठेवून ती लावा. दिवा मंद झाला किंवा दहा मिनिटांत प्लग गरम लागला, तर तिथे एसी चालणार नाही. एसीला 16 अँपिअरचा पॉइंट आणि बोर्डापासून स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी (जास्त भार आला की वीज आपोआप तोडणारा स्विच) लागते. तो खर्च कोणाचा, हे ॲडव्हान्स देण्याआधी ठरवा.

परिसर निवडताना पुराचा विचार टाळू नका. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. 2019 आणि 2021 मध्ये पाणी त्याच्याही खूप वर गेलं. दुधाळी, सुतारवाडा, व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, रमणमळा, नागाळा पार्कचा सखल भाग आणि जयंती नाल्याकाठची घरं बघताना शेजाऱ्यांना विचारा, पाणी कुठवर आलं होतं. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट कोरडा राहिला तरी मीटर, लिफ्ट आणि बोअरची मोटर खालीच असते. ती पाण्यात गेली की वर वीजही नाही आणि पाणीही नाही. मीटरचा बोर्ड किती उंचीवर बसवलाय, हे स्वतः बघा.

ऑगस्ट 2025 मध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच भाऊसिंगजी रोडवर सीपीआर रुग्णालयासमोर सुरू झालं. त्या बाजूला घर आणि ऑफिस एकत्र शोधणाऱ्या वकिलांनी सोसायटीला आधीच विचारावं: पक्षकार येतील, गाड्या लागतील, चालेल का? मालकाचा होकार आणि सोसायटीचा होकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिकवणी घेणाऱ्यांनाही हेच लागू.

करार लिव्ह अँड लायसन्सचा आणि नोंदणीकृतच करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ऑनलाइन नोंदणी आधार आणि अंगठ्याच्या ठशावर होते. भाडं 14,000, डिपॉझिट 50,000 आणि मुदत 11 महिने असेल, तर एकूण भाडं 1,54,000 आणि डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्क्यांनी 11 महिन्यांचं धरलेलं सुमारे 4,583 व्याज, या बेरजेवर 0.25 टक्के म्हणजे साधारण 400 रुपये मुद्रांक शुल्क बसतं. शहरात नोंदणी फी 1,000. एजंट यापेक्षा बरंच जास्त सांगत असेल तर फोड मागा.

जादा खोलीचं नाव करारात यायलाच हवं, कारण वाद तिच्यावरूनच होतात. ‘सदर खोली ऑफिसकामासाठी वापरता येईल’, गळती झाल्यास किती दिवसांत कोण दुरुस्त करणार, प्लायचं पार्टिशन लावता येईल का, एसीसाठी भिंतीला भोक पाडता येईल का, हे चार मुद्दे घाला. पार्टिशन भिंतीत न ठोकता स्वतःच्या पायावर उभं राहणारं केलं तर जाताना डिपॉझिट कापलं जात नाही. लेखी परवानगीशिवाय त्या खोलीत पेइंग गेस्ट ठेवू नका.

काही मालक म्हणतात, ‘आमचं थोडं सामान त्या खोलीत राहू दे.’ ते मान्य करायचं तर भाडं कमी करून घ्या, सामानाची यादी करा, फोटोंवर दोघांच्या सह्या घ्या. नाहीतर चावी घेण्याआधी खोली रिकामी करून मागा आणि त्याच दिवशी मीटरच्या रीडिंगचा, भिंतींचा व छताचा व्हिडिओ काढून मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा.