किमान वेतन असो की जुन्या हिंसेचा न्याय, सरकारची घोषणा नीट कशी वाचायची

घोषणा आली की आपण सगळे आधी आकडा बघतो, तासाला एवढे वाढले, प्रत्येक पीडिताला एवढी भरपाई, आणि तिथेच थांबतो. माझं म्हणणं, आकडा सगळ्यात शेवटी बघा. आधी कायद्यात कामगार कुणाला धरलंय आणि पीडित कुणाला धरलंय ते शोधा, लोक गाळले जातात ते तिथेच.

दक्षिण कोरिया घ्या, तिथे हे दोन्ही विषय राजकारणात कायम पेटलेले असतात. किमान वेतनासाठी २७ जणांचा आयोग आहे, ९ कामगारांचे, ९ मालकांचे, ९ तज्ज्ञ. पहिले दोन गट भांडत बसतात आणि मग तज्ज्ञ कुठे झुकतात त्यावर बरंच ठरतं, म्हणून या तज्ज्ञांना नेमतं कोण हे बघायचंच (तिथे सरकारच नेमतं). २०१८ साठी तासाला ७,५३० वॉन ठरले, एका झटक्यात १६.४ टक्के वाढ, भारी ना? पण त्याच वर्षी कायदा बदलला आणि बोनस, जेवणाचा भत्ता वगैरेंचा काही भाग किमान वेतनातच धरायची मुभा २०१९ पासून मालकांना मिळाली, म्हणजे रेट वाढला तरी काहींच्या हातात तेवढं पडलंच नाही. आणि लोकांनी थेट आपल्या घरात कामाला ठेवलेले घरकामगार तर त्या कायद्यात मुळात धरलेच नाहीत.

सो वेतनाची बातमी वाचताना हे बघा: रेट मूळ पगाराचा आहे की भत्ते धरून, तासाचा की महिन्याचा, आणि कुणाला वेगळा रेट लावलाय. दक्षिण आफ्रिकेत २०१९ ला तासाला २० रँड सुरू झाले पण शेतमजुरांना १८ आणि घरकामगारांना १५ च, बरोबरीला यायला शेतमजुरांना २०२१ आणि घरकामगारांना २०२२ उजाडलं. हेडलाइनमध्ये मात्र २० च.

आता न्यायाचं. इथे माफी, सत्यशोधन, जुने निकाल रद्द होणं, पैसे आणि दोषींना शिक्षा या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, सरकार एक देतं आणि सगळं दिल्यासारखं बोलतं, तुम्ही प्रत्येकीसमोर वर्ष लिहून काढा. कोरियाच्या जेजू बेटावर १९४७ ते १९५४ मध्ये बंड मोडून काढताना अंदाजे २५ ते ३० हजार माणसं मारली गेली, बहुतेक सरकारी बाजूच्या हातून. विशेष कायदा आला २००० मध्ये, राष्ट्राध्यक्षांनी माफी मागितली २००३ मध्ये, आणि माणशी ९ कोटी वॉनपर्यंतची भरपाई मिळायला लागली २०२२ मध्ये, तोपर्यंत वाचलेल्यांपैकीही कितीतरी जण गेले होते. शिक्षेचं तर विचारूच नका, ग्वांगजू शहरात १९८० मध्ये लष्कराने आंदोलकांचं केलेलं हत्याकांड वगैरे गुन्ह्यांबद्दल तेव्हाचे लष्करी हुकूमशहा चुन दू-ह्वान यांची जन्मठेप १९९७ मध्ये कायम झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात माफही झाली.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे पुरावा कोणी आणायचा. जेजूत तेव्हाच्या लष्करी कोर्टांनी शिक्षा दिलेल्यांना आधी स्वतःच कोर्टात जाऊन लढावं लागत होतं, २०२१ च्या दुरुस्तीनंतर सरकारी वकीलच अनेकांच्या फेरसुनावणीची मागणी एकत्र करू लागले, आणि ऐंशी-नव्वदीतल्या माणसासाठी हा फरक केवढा आहे बघा. तुमच्या समोरच्या योजनेत ७० वर्षांपूर्वीचा कागद पीडितानेच आणायचा असेल तर पैशाचा आकडा कितीही मोठा असू दे, फार कमी लोकांपर्यंत पोचणार.

यादी बंद झालीय का तेही बघा. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांसाठी नेमलेल्या सत्यशोधन आयोगाकडे ज्यांनी मुदतीत जबाब दिला त्यांनाच एकरकमी ३०,००० रँड मिळाले, ज्यांना पत्ताच लागला नाही किंवा बोलायची हिंमत उशिरा झाली ते बाहेर.

तुम्ही स्वतः किंवा घरातलं कोणी अर्ज करणार असाल तर शेवटची तारीख, मृत व्यक्तीच्या वतीने कोण अर्ज करू शकतं, आणि नाकारला तर अपील कुठे आणि किती दिवसांत, हे जीआरमध्ये शोधा. सापडलं नाही तर ऑफिसला लेखी विचारा आणि पोच घेतल्याशिवाय निघू नका.