बागेच्या वाफ्यात रानफुलं: खरं काम मिरगाच्या आधीचं

रानफुलांबद्दल सगळ्यात घातक सल्ला म्हणजे, "बी फेकून द्या, आपोआप येतं." माळावर येतं, कारण तिथली माती पातळ आणि निकस असते आणि वर्षानुवर्षं त्याच झाडांचं बी तिथं पडत आलेलं असतं. बागेच्या मातीत आधीपासून ठाण मांडून असतात गाजरगवत, ओसाडी, काटेमाठ आणि लव्हाळा. तिथं फेकलेलं तेरड्याचं बी रुजतं, पण तणाखाली गुदमरतं, किंवा खुरपणीत तणाबरोबर उपटलं जातं. मग लोक म्हणतात, रानफुलं बागेत जगत नाहीत. जगतात. पेरणीच्या आधीचा महिना मात्र नीट वापरावा लागतो.

पहिल्या वर्षी तेरडा, कुर्डू आणि सोनकी एवढंच बियांपासून घ्या. कंदांपैकी रानहळद आणि कळलावी. वाफ्याच्या कडेला सावली असेल तर पेव. सड्यावरची, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरची, सीतेची आसवं आणि गेंद यांच्या नादी लागू नका. त्यांना जांभ्यावरचा दोन बोटं मातीचा, सतत झिरपत्या पाण्याचा थर लागतो आणि तो वाफ्यात तयार होत नाही. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, तिला शोभेच्या वाफ्यात जागा देण्यात अर्थ नाही. आणि 'रानफुलांचं मिश्रण' म्हणून मिळणारी पाकिटं तर नकोच. त्यात बहुतेक परदेशी बी असतं. त्यातला पिवळा कॉसमॉस कुंपण ओलांडून डोंगरावर पसरतो आणि खऱ्या रानफुलांचीच जागा खातो.

बी आणावं ते बांधावरून, रस्त्याच्या कडेवरून, ओळखीच्या शेतातून, आणि तेही दहा झाडांमागे एकाचंच. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं भीमगड हे अभयारण्य आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तिथून रोप, कंद, बी काहीही उचलता येत नाही. कंद तर कुठल्याच रानातून खणू नयेत. ते रोपवाटिकेतून किंवा कुणाच्या परसातून घ्यावेत.

तेरड्याची बोंडं पिकली की हात लागताच फुटतात आणि बी चारी दिशांना उडतं. बोंड हिरव्याचं फिकट पिवळसर दिसायला लागलं की त्यावर पातळ फडक्याची पिशवी बांधा, नाहीतर अख्खं बोंड मुठीत बंद करूनच तोडा. सोनकीचं बी हवेत उडणाऱ्या म्हाताऱ्यांसारखं केसाळ असतं. वारा सुटायच्या आत, सकाळी गोळा करा. कुर्डूचा तुरा वाळला की कागदावर झटकला तरी काळं चकचकीत बी पडतं. सगळं बी चार-पाच दिवस सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल राहिली तर बुरशी येते.

वाफा उन्हाचा निवडा, पाणी न साचणारा. खानापुरातल्या जांबोटी, कणकुंबीकडच्या धो धो पावसात वाफा जमिनीपासून वीतभर उंच हवाच, कडेला चिरे लावले की माती वाहत नाही. निपाणी, चिक्कोडी, अथणीकडच्या काळ्या मातीत निम्मी लाल माती आणि बारीक मुरूम मिसळा. शेणखत अजिबात घालू नका. त्यातून तणाचं बी येतं हे एक, आणि दुसरं म्हणजे सकस मातीत कुर्डू खांद्याएवढा वाढून पहिल्या वाऱ्यात आडवा होतो, तेरडा पानांनी भरतो आणि फुलं कमी देतो.

आता ज्या टप्प्यावर बहुतेकांचं सगळं फसतं, तो टप्पा.

एप्रिलच्या मध्याला वाफा एकदाच खणा. हाताला लागतील तेवढ्या लव्हाळ्याच्या गाठी आणि हरळीची मुळं वेचून काढा आणि माती सपाट करा. त्यानंतर कुदळ बाजूला ठेवायची. खोलवर निजलेल्या तणाच्या बियांना वर आणलं की उजेड मिळतो आणि त्या रुजतात, म्हणून दर वेळी खणणं म्हणजे तणाची नवी पेरणी करणं.

वळवाचा पाऊस झाला की आठ-दहा दिवसांत वाफ्यावर हिरवी लव उठते. मेचा पहिला आठवडा कोरडा गेला तर वाट बघू नका, वाफा स्वतः भिजवा. रोपांना दोन-दोन पानं असतानाच, कडक उन्हाच्या दिवशी सकाळी, धारदार खुरप्यानं माती वरवर खरवडा. एक इंचापेक्षा खोल जायचं नाही. उपटलेलं तण तिथंच उन्हात वाळू द्या. पुन्हा पाणी, पुन्हा आठ-दहा दिवस, पुन्हा खरवडणं. दोन फेऱ्या सक्तीच्या. आधी त्या जागेत भाजी होती तर तीन. पहिली फेरी झाली की वाफा स्वच्छ दिसतो आणि लोक तिथं थांबतात. तिथं थांबू नका. दुसऱ्या फेरीत उगवणारं तण पहिल्याइतकंच दाट असू शकतं, आणि ते पेरणीआधी उगवून मरणं हाच या सगळ्या खटाटोपाचा हेतू आहे.

एवढ्या फेऱ्यांना वेळ नसेल तर दुसरा मार्ग प्लास्टिकचा. माती भिजवून त्यावर पारदर्शक कागद ताणून बसवा, कडा मातीत पुरा आणि एप्रिल-मेच्या उन्हात चार ते सहा आठवडे ठेवा. कागद पारदर्शकच हवा, काळ्या कागदाखाली माती तेवढी तापत नाही. मात्र लव्हाळ्याच्या गाठी खोल असतात, त्या यातूनही वाचतात. वाफा लव्हाळ्यानं भरलेला असेल तर या वर्षी तिथं रानफुलं पेरूच नका. वर्षभर उगवेल तसा गाठीसकट काढत राहा आणि पेरणी दुसऱ्या जागी करा. दाट लव्हाळ्यातून तेरडा वाचवणं जमत नाही.

मृग ७-८ जूनला लागतो. शेवटची खरवड झाल्यावर, जमीन ओली असताना, दोन-तीन दिवसांत पेरा. आर्द्रा उजाडेपर्यंत रेंगाळलात तर जोराच्या पावसात बारीक बी वाहून जातं.

आणि बी विखरून नाही, ओळीतच पेरा. "रानफुलं ओळीत शोभत नाहीत" असं म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. भाद्रपदात झाडं एकमेकांत मिसळतात तेव्हा ओळ दिसत नाही, पण आषाढात तीच ओळ तुमचं सगळं काम वाचवते, कारण ओळीबाहेर जे उगवेल ते तण. सरळ रेघ नको असेल तर नागमोडी घ्या, दोन ओळींत नऊ इंच अंतर ठेवा.

दहा बाय पाच फुटांच्या वाफ्याला तेरड्याचं एक लहान चमचा बी, कुर्डूचं दोन बोटांची चिमूट आणि सोनकीची केसाळ मूठ पुरते. प्रत्येक बी वेगळ्या ओळींत आणि वेगळ्या कोरड्या वाळूत मिसळून टाका, म्हणजे हात जड पडत नाही. तेरड्यावर अर्धा सेंटीमीटर माती ओढा. कुर्डू आणि सोनकी नुसत्या तळव्यानं दाबा, वर माती नको. वरून झटकून घेतलेलं भाताचं पिंजर विरळ पसरा आणि कोंब दिसताच उचला. ते राहिलं तर रोपं लांबुडकी होऊन लवतात.

त्याच दिवशी उकळतं पाणी ओतून थंड केलेल्या मातीच्या तीन कुंड्यांत तीन बिया वेगवेगळ्या पेरा आणि कुंडीवर नाव लिहा. या ओळखकुंड्या सोडू नका. वाफ्यात शंका आली की कुंडीतल्या रोपाशी ताडून बघायचं. तेरडा ओळखायला सोपा: देठ जाड, पाणीदार, पहिली दोन पानं गोल आणि मांसल, पुढची करवतीच्या कडेची. घोटाळा होतो तो कुर्डू आणि माठाचा. माठाच्या कोवळ्या पानाच्या टोकाला बारीक खाच असते, कुर्डूचं पान टोकाशी निमुळतं होतं. ओसाडीचं पान केसाळ असतं आणि चुरडलं की उग्र वास येतो. गाजरगवत जमिनीला चिकटून चिरलेल्या पानांचं चक्र करतं. ते हातमोजे घालूनच उपटा, अंगाला खाज सुटते. ओळीतल्या रोपाबद्दल खात्री नसेल तर आठवडाभर राहू द्या. तोवर पान बोलतं.

रोपं चार बोटं झाली की विरळणी: तेरडा नऊ इंचांवर, कुर्डू एक फुटावर.

रानहळद, पेव आणि कळलावीचे कंद मेअखेर लावा. कळलावीचा कंद आडवा, दोन-अडीच इंच खोल ठेवायचा. त्याचं एकच टोक फुटतं आणि तेच ठिसूळ असतं. ते मोडलं तर कंद फुकट गेला. वेलाला काटक्यांचा आधार द्या, ती पानाच्या टोकांनी धरून चढते. कळलावीचा प्रत्येक भाग विषारी आहे आणि कंद रताळ्यासारखा दिसतो. लहान मुलं, गुरं किंवा स्वयंपाकघराजवळचा वाफा असेल तर ती लावूच नका.

गौरीसाठी तेरडा मुळासकट लागतो. तो जिथं दाटी राहिली असेल तिथून घ्या, ओळीचं टोक मोकळं करू नका.

फुलं गेल्यावर वाफा साफ करायची घाई नको. सगळं वाळून बी पडू द्या आणि डिसेंबरात काड्या जमिनीलगत कापा. कुर्डूचे मात्र निम्मे तुरे बी पडण्याआधीच काढा, नाहीतर तिसऱ्या वर्षी वाफ्यात तोच एकटा उरतो. कंदांच्या जागी खुंट्या रोवून ठेवा आणि उन्हाळ्यात तिथं पाणी घालू नका, निजलेला कंद ओलीत कुजतो. पुढच्या वळवानंतर पडलेलं बी स्वतःच उठेल. त्या वर्षापासून वाफा सरसकट खरवडायचा नाही, ओळखकुंड्या समोर ठेवून फक्त तण वेचायचं.