मन खातंय तेव्हा नेमकं काय करायचं

आमची दिंडोरी साइडला द्राक्षबाग आहे, राहायला आम्ही शरणपूर रोडला. दोन वर्षांपूर्वी थिनिंग (घडातले जास्तीचे मणी काढणं) चालू होतं, पेठकडची मजुरांची टोळी रोजाने आलेली, दुपारी दोनला अवकाळी पाऊस आला न काम बंद पडलं. सकाळी आठपासून राबलेली माणसं ती, मी संध्याकाळी हातावर अर्धा रोज टेकवला. सगळेच तसं करतात. रात्री मात्र झोप लागेना. तेव्हापासून जी सवय लावून घेतलीय ती सांगतो, ख्रिस्ती नसाल तरी जमेल.

जेवणं झाली की पंधरा मिनिटं काढा, मोबाईल दुसऱ्या खोलीत. पद्धत संत इग्नेशियस लोयोलाची (१४९१–१५५६). आधी आभार, मग देवाकडे उजेड मागायचा, मग दिवस तासातासाने डोळ्यासमोरून न्यायचा, मग क्षमा, मग उद्याचं काय ते. आभार पहिलेच हवेत, नाहीतर बसल्या बसल्या स्वतःला झोडपणं सुरू होतं. एखादी खोड पुन्हा पुन्हा नडत असेल तर वहीत रोजची एक रेघ आखा आणि चूक झाली की तिच्यावर टिंब द्या, हेही त्याचंच. आठवडाभराची टिंबं बघितली की बरंच कळतं.

आता अवघड भाग. मनात जे टोचतं ते सगळं विवेकबुद्धीचंच असतं असं नाही. कोणालाच कधी कळणार नसेल तर टोचणी जाते का, हे स्वतःला विचारा, जात असेल तर ती लोकलाज. दुसरा प्रकार नुसता गरगर फिरवतो, जुनंच उगाळतो, काय कर ते सांगत नाही. इग्नेशियस स्वतः १५२२ मध्ये स्पेनमधल्या मानरेसाला यातच अडकला होता, तीच पापं पुन्हा पुन्हा कबूल करायचा तरी शांती नाही, जीव द्यावासा वाटण्यापर्यंत गोष्ट गेली, शेवटी त्याने जुनी पापं परत कबूल करणंच थांबवलं. तुमचं तिथवर पोचलं असेल तर एकटे बसू नका, फादरांशी नाहीतर डॉक्टरांशी बोला. खरी टोचणी माझ्या अनुभवात एकच छोटं ठरावीक काम मागते, आणि बहुतेक वेळा ते कुणा माणसापाशी जाऊनच करायचं असतं.

बायबलमध्ये संत पौल रोमकरांस पत्रात (२:१५) म्हणतो, ज्यांना मोशेचं नियमशास्त्र मिळालंच नाही त्यांच्याही हृदयावर नियम लिहिलेला असतो, विवेकबुद्धी साक्ष देते. आपल्या तुकोबांनीही "सत्य असत्याशी मन केलें ग्वाही" म्हणताना साक्षीदारच उभा केला, आणि पुढच्याच चरणात बहुमत बाजूला ठेवलं. हायडेगर या जर्मन तत्त्वज्ञाने १९२७ साली हेच तत्त्वज्ञानात मांडलं की आपण 'लोक करतात तसं' जगत राहतो न विवेकाची हाक, जी शब्दांत काही बोलतच नाही, ती आपल्याला त्यातून स्वतःकडे परत बोलावते. अर्ध्या रोजाचा हिशोब माझा नव्हताच, तो 'सगळ्यांचा' होता, हे मला यावरून कळलं.

पण फक्त स्वतःशी प्रामाणिक राहून भागत नाही असं मला मनापासून वाटतं. हाच हायडेगर १९३३ मध्ये नाझी पक्षात गेला. आणि बॉनहोफर नावाचा पाद्री हिटलरविरोधी कटात सामील झाला, माझे हात स्वच्छ राहिले असं न म्हणता, दुसऱ्यांसाठी दोष अंगावर घेऊन, ९ एप्रिल १९४५ ला फ्लोसेनबुर्गच्या छावणीत त्याला फाशी दिली. म्हणून वहीत एक प्रश्न मी वाढवलाय, माझ्या या निर्णयाची किंमत कोण मोजतंय? नाव लिहा. नाव माहीत नसेल तर तेच आधी विचारून या, मला टोळीतल्या फक्त मुकादमाचं माहीत होतं.

मन चुकूही शकतं. थॉमस अक्वायनस हा मध्ययुगातला ख्रिस्ती धर्मपंडित म्हणतो चुकलेली विवेकबुद्धीसुद्धा बांधून ठेवते, तिच्याविरुद्ध वागणं पापच, पण तिला नीट शिकवणं हीही आपलीच जबाबदारी. तर मोठा निर्णय असेल तेव्हा एका तरी माणसाला विचारा, ज्याचा त्यात फायदा नाही अशाला. मी माझ्या आईला विचारलं.

आणि ठरलेलं काम लगेच करा, आठवडा गेला की मन कारणं शोधतं. टोळी शनिवारी परत जाणार होती, मी शुक्रवारी संध्याकाळी मुकादमाकडे न देता एकेकाच्या हातात उरलेला अर्धा रोज दिला. एका आजीने नोटा मोजल्या आणि मी काही बोलायच्या आधीच म्हणाली, "त्या पावसाच्या दिवसाचे ना?"