छाटणीआधी वीस मिनिटं झाडाकडे बघा

मुंबई-पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये झाडांची छाटणी एप्रिल-मेमध्ये निघते, आणि नेमका तेव्हाच कावळ्याच्या घरट्याचा हंगाम असतो. त्याच घरट्यात कोकिळेचंही अंडं असू शकतं. म्हणून शक्य असेल तर छाटणी नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच उरकून घ्या.

मेमध्ये करावीच लागली, तर आदल्या दिवशी सकाळी वीस मिनिटं झाडाखाली थांबा. चोचीत काडी किंवा किडा घेऊन एखादा पक्षी पुन्हापुन्हा एकाच फांदीवर जात असेल, तर तिथे घरटं आहे असं धरा. तेवढी फांदी पिल्लं उडेपर्यंत सोडा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ घरट्यांना आणि अंड्यांनाही लागू होतो, हे सेक्रेटरींच्या कानावर घाला. पालिकेची परवानगी तर लागतेच.

वाळकी फांदी दिसली की सगळ्यांना आधी ती तोडायची असते. पण तांबट पक्षी अशाच फांदीत चोचीने भोक पाडून घर करतो, आणि पुढे ती ढोली इतर पक्ष्यांच्याही कामी येते. रस्त्यावर किंवा पार्किंगवर पडायचा धोका नसेल, तर ती कृपा करून राहू द्या. धोका असलाच, तर ढोलीच्या पुढचा भागच कापा.