मॉन्टेरेत नव्याने आलात? आधी आपला म्युनिसिपियो ओळखा

पुण्याहून किंवा चाकणहून बदली होऊन आलेल्यांना मेक्सिकोतलं मॉन्टेरे हे एकच शहर वाटतं. प्रत्यक्षात घर सान निकोलासला, ऑफिस सान पेद्रोला आणि कारखाना आपोदाकाला असेल, तर तुम्ही रोज तीन म्युनिसिपियोंतून, म्हणजे तीन नगरपालिकांतून फिरता. प्रत्येकीचा महापौर वेगळा, वाहतूक पोलीस वेगळे, कचऱ्याची गाडी वेगळी. पाणी मात्र न्वेवो लेओन राज्याच्या मंडळाचं, तर वीज आणि तुमचं निवासकार्ड केंद्राच्या अखत्यारीत. हे डोक्यात बसेपर्यंत इथली बातमीही नीट कळत नाही आणि तक्रारही योग्य दारी पोचत नाही.

भाडेकरार हातात आला की त्यावरचा म्युनिसिपियो, कोलोनिया (वस्ती) आणि पोस्टल कोड फोनमध्ये टिपून ठेवा. एकाच नावाचे रस्ते वेगवेगळ्या भागांत सापडतात, म्हणून आपलं घर कोणत्या दोन रस्त्यांच्या मध्ये आहे तेही सांगावं लागतं. पाण्यासाठी ०७३, विजेसाठी ०७१, आणीबाणीत ९११. बोलताना बिल समोर ठेवा आणि फोन ठेवण्याआधी फोलियो, म्हणजे तक्रारीचा नोंद क्रमांक मागून घ्या. तो नसेल तर दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं. दिवाबत्ती, खड्डे, कचरा यांसाठी मात्र आपापल्या म्युनिसिपियोकडेच जायचं. कोलोनियातल्या 'हुएस आउक्सिलियार'ची ओळख करून घ्या. रहिवासी आणि पालिका यांच्यातला तो दुवा असतो.

वर्तमानपत्रांत १९३८ पासून निघणारं 'एल नोर्ते' पालिका आणि राज्याच्या कारभाराचा सर्वांत कसून पाठपुरावा करतं. त्याच्या संकेतस्थळाला पैसे पडतात, पण आमच्या मते ते द्यावेत. अपघात, तुंबलेले रस्ते, पाऊस हे चटकन हवं असेल तर मल्टीमेडिओस वाहिनीचं 'तेलेदियारियो' हे बातमीपत्र बघा. शेजाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये जरूर राहा, मात्र वादळाच्या दिवसांत तिथे जुने व्हिडिओ नव्याने फिरतात. शाळा बंद आहेत का, कोणता रस्ता बंद आहे, हे राज्याच्या प्रोतेक्सिओन सिव्हिलच्या (नागरी संरक्षण विभागाच्या) अधिकृत खात्यावरच तपासा.

पाण्याच्या बातमीकडे कधीही दुर्लक्ष करू नका. २०२२ मध्ये सेर्रो प्रिएतो आणि ला बोका ही धरणं जवळपास आटली आणि जूनमध्ये शहराला पहाटे ४ ते सकाळी १० एवढंच पाणी मिळू लागलं. उंचावरच्या वस्त्यांत तेवढ्या वेळातही दाब पुरत नसे. म्हणून घर बघतानाच गच्चीवरची टाकी किती लिटरची आहे आणि खाली सिस्टर्न (जमिनीखालची टाकी) व पंप आहे का, हे विचारा. वसंतात वर्तमानपत्रांत येणारे धरणसाठ्याचे टक्के वाचत जा. पुढचा उन्हाळा कसा जाईल हे त्यावरून कळतं.

उलट बाजूही तितकीच खरी. सांता कातारिना नदी बहुतेक वर्ष कोरडीठाक दिसते, पण १९८८ च्या गिल्बर्ट आणि २०१० च्या अ‍ॅलेक्स चक्रीवादळात तिने शहराची दैना केली. इशारा आला की नदीकाठचे कॉन्स्तितुसिओन आणि मोरोनेस प्रिएतो हे रस्ते टाळा. हिवाळ्यात धूर आणि धूळ खोऱ्यातच अडकते. घरात दमेकरी किंवा लहान मुलं असतील तर राज्याच्या 'सिमा' (SIMA) या हवा मोजणाऱ्या यंत्रणेचे आकडे पाहूनच बाहेर पडा.

राजकारणाबाबत मात्र अगदी सावध राहा. मेक्सिकोच्या राज्यघटनेचं ३३ वं कलम परदेशी नागरिकांना देशाच्या राजकीय बाबतींत कोणत्याही प्रकारे ढवळाढवळ करायला मनाई करतं, आणि परदेशी व्यक्तीला देशाबाहेर काढण्याची तरतूदही त्याच कलमात आहे. पक्षाचा मोर्चा, प्रचाराचा टी-शर्ट, उमेदवारासाठी पोस्ट, यातलं काहीही नको. पाणी आलं नाही, दिवा बंद आहे, ही तक्रार मात्र बिनधास्त करा. रहिवासी म्हणून सेवा मागणं हे राजकारण नव्हे.

घर बदललंत तर नवा पत्ता ९० दिवसांच्या आत इमिग्रेशन खात्याला कळवा. नोकरी किंवा वैवाहिक स्थिती बदलली तरी हीच मुदत. उशीर झाला की दंड बसतो.