माजी सैनिकांसाठी महाराष्ट्रातील सवलती: ओळखपत्रापासून घरपट्टी माफीपर्यंत कसे पोहोचावे

महाराष्ट्रात माजी सैनिकांच्या सवलती एकाच दारात मिळत नाहीत. घरपट्टी ग्रामपंचायत किंवा नगरपालिका माफ करते, प्रवेशातील राखीव जागा राज्याचा प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे सीईटी कक्ष, देतो आणि नोकरीतील आरक्षण भरती करणारा विभाग पाहतो. या सगळ्यांना लागणारे प्रमाणपत्र मात्र जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून मिळते, आणि ते तयार होते डिस्चार्ज बुक (सेवामुक्तीचे पुस्तक) व पेन्शनच्या पीपीओवरून (पेन्शन मंजुरीच्या आदेशावरून). त्या दोन कागदांत चूक असेल तर पुढचे सगळेच अडते. म्हणून अर्जाच्या आधी कागद तपासायचे.

पायरी १: नावे आणि जन्मतारखा जुळवा

डिस्चार्ज बुक, पीपीओ, आधार, पॅन, बँक पासबुक आणि मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा. तफावत बहुधा ठरलेल्या ठिकाणी सापडते. लग्नात पत्नीचे नाव बदललेले असते. लष्करी नोंदीत माहेरचे आणि आधारवर सासरचे राहते. कुठे नावापुढे ‘बाई’ असते, कुठे नसते. शाळेत घालताना मास्तरांनी १ जून ही जन्मतारीख लावलेली असते आणि लष्करी नोंदीत खरी तारीख असते. धाकट्या अपत्याचा जन्म पार्ट टू ऑर्डरला, म्हणजे सैनिकाच्या कौटुंबिक नोंदी करणाऱ्या लष्करी आदेशात, प्रसिद्धच झालेला नसतो, त्यामुळे लष्कराच्या लेखी ते मूल नसतेच.

दुरुस्ती सैनिकाच्या रेजिमेंटच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसकडून होते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे सागरला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला. अर्जासोबत विवाह नोंदणी दाखला किंवा जन्मदाखला आणि प्रतिज्ञापत्र जोडा. पत्नीचे नावच बदललेले असेल तर महाराष्ट्र शासन राजपत्रातील नावबदलाची प्रतही जोडावी. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवलेला बरा. पाठपुरावा करायला जावक क्रमांक हाताशी राहतो. या कामाला महिने लागू शकतात. मुलगी बारावीला असताना नव्हे, दहावीला असतानाच हे हातावेगळे करा. आणि शक्यतो सैनिक हयात असतानाच करा. त्याच्या सहीने जे सहज होते, त्यासाठी त्याच्या पश्चात पत्नीला कागदांचा ढीग उभा करावा लागतो.

पायरी २: नोंदणी आणि ओळखपत्र

ज्या जिल्ह्यात राहता तिथल्या सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवा. आधी दुसऱ्या जिल्ह्यात नोंदणी असेल तर ती वर्ग करून घ्या. डिस्चार्ज बुकच्या सगळ्या पानांच्या छायाप्रती, पीपीओ, आधार, पॅन, पासबुक, रहिवासाचा पुरावा, कुटुंबीयांची कागदपत्रे आणि फोटो न्या. मूळ डिस्चार्ज बुक दाखवायचे आणि परत घेऊन यायचे. त्याच फेरीत रोजगारासाठीही नाव नोंदवून घ्या. सैनिकाच्या मृत्यूनंतर पत्नीला तिचे स्वतंत्र ओळखपत्र काढावे लागते. पतीच्या ओळखपत्रावर तिची कामे होत नाहीत.

पायरी ३: घरपट्टी माफी

पूर्वी ही सवलत शौर्यपदकधारकांपुरती आणि सैनिकांच्या विधवा वा अवलंबितांपुरती होती. २०२० मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने माजी सैनिक सन्मान योजना आली आणि ती राज्यातील सर्व माजी सैनिक व सैनिक पत्नींना लागू झाली. माफी एकाच मालमत्तेला मिळते.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून या कामासाठीचे प्रमाणपत्र घ्या. त्यासोबत ओळखपत्र, अधिवासाचा पुरावा, कराची चालू पावती, शहरात मालमत्तेचा उतारा किंवा गावात नमुना ८, आणि दुसऱ्या कोणत्याही मालमत्तेवर माफी घेतली नसल्याचे स्वयंघोषणापत्र जोडा. अर्ज अडतो तो मालकीवर. घर अजून वडिलांच्या किंवा भावांच्या सामाईक नावावर असेल, किंवा पती वारल्यावर वारस नोंद झालेली नसेल, तर आधी ती नोंद करावी लागते. मंजुरीनंतर बिल नीट वाचा. पाणीपट्टी वेगळी असते. आधी भरलेला कर परत मिळेल असे गृहीत धरू नका. नव्या वर्षाचे बिल निघण्याआधी अर्ज करा.

पायरी ४: मुलांचे प्रवेश

अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेत संरक्षण दलातील कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी ५ टक्के जागा असतात. महाराष्ट्राचे अधिवासी असलेल्या माजी सैनिकाच्या मुलांनी डीईएफ-१ हा प्रकार निवडायचा, अशाच अधिवासी, पण अजून सेवेत असलेल्यांच्या मुलांनी डीईएफ-२. प्रमाणपत्र त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतील नमुन्यातच हवे. मोठ्या भावाच्या वेळचे चालत नाही. अधिवास प्रमाणपत्र तहसीलमधून आधीच काढून ठेवा. कागद तपासणीची मुदत टळली की हा दावा सुटतो आणि विद्यार्थ्याला साध्या गटातून स्पर्धा करावी लागते. सैनिकी मुला-मुलींच्या वसतिगृहांची चौकशीही याच कार्यालयात करा. खेड्यातील मुलीचे शहरातले शिक्षण कित्येकदा त्यावरच ठरते, आणि ही सोय फारच कमी कुटुंबांना ठाऊक असते.

पायरी ५: शासकीय नोकरी

राज्याच्या गट क आणि गट ड पदांत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. समांतर म्हणजे प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आत, त्यामुळे मागास प्रवर्गातून अर्ज करणाऱ्याला जात प्रमाणपत्रही लागते. वयोमर्यादेत लष्करी सेवेचा कालावधी अधिक ३ वर्षे अशी सूट मिळते. पदवीची अट असलेल्या पदांसाठी १५ वर्षांची सेवा झालेल्यांना काही अटींवर मुभा आहे. जाहिरातीतील तो परिच्छेद शब्दशः वाचा.

इथे दरवर्षी एक चूक होते. माजी सैनिकाचा मुलगा अर्जात ‘माजी सैनिक’ रकान्यावर खूण करतो आणि निवड होऊनही कागदपत्र पडताळणीत बाद होतो. हे आरक्षण स्वतः सैनिकाचे आहे. कुटुंबातील एका व्यक्तीला ते मिळते, पण सैनिकी सेवेमुळे सैनिकाचा मृत्यू झाला असेल किंवा अपंगत्वामुळे तो नोकरीस अयोग्य ठरला असेल, तरच. सुरक्षा रक्षकासारखी कामे हवी असतील तर पुण्याच्या महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळाकडे, म्हणजे मेस्कोकडे, नाव द्या.

पायरी ६: आर्थिक मदत

७ डिसेंबरच्या ध्वजदिनाला जमणाऱ्या निधीतून राज्य शिक्षण, आजारपण अशा कारणांसाठी मदत करते. केंद्रीय सैनिक बोर्डाचे अर्जही याच कार्यालयातून पडताळले जातात. हवालदारापर्यंतच्या हुद्द्यांसाठी असलेल्या त्या योजनांच्या रकमा १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना दुप्पट झाल्या: मुलीच्या लग्नासाठी १ लाख रुपये, दोन अपत्यांपर्यंत शिक्षणासाठी प्रत्येकी दरमहा २,००० आणि पेन्शन नसलेल्या ६५ वर्षांवरील गरजूंना दरमहा ८,०००. अर्जाला मुदत असते. लग्न झाले किंवा परीक्षेचा निकाल लागला की लगेच कागद गोळा करा.

हुतात्म्यांच्या कुटुंबांसाठीचे राज्याचे सानुग्रह अनुदान २०१९ मध्ये २५ लाखांवरून १ कोटी रुपये झाले. २०१८ पासून २ हेक्टर शेतजमिनीची तरतूदही आहे. जमिनीचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात जातो आणि सर्वांत रेंगाळतो. पसंतीच्या सरकारी जमिनीचा गट क्रमांक व सातबारा स्वतः शोधून अर्जात दिला, तर तलाठ्याच्या अहवालापर्यंत गाडी लवकर जाते.

अर्ज नाकारला तर

प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ‘बसत नाही’ हे तोंडी उत्तर मानू नका. कारण लेखी मागा. ते हातात आले की तीन वाटा उरतात: कागद कमी असेल तर तो जोडून पुन्हा अर्ज, नियमाचा चुकीचा अर्थ लावला असेल तर संबंधित शासन निर्णयाची प्रत लावून वरिष्ठ अधिकाऱ्याकडे तक्रार, आणि उत्तरच येत नसेल तर माहिती अधिकारात त्या आवक क्रमांकावर काय कार्यवाही झाली याची विचारणा. तिन्ही वेळी एक प्रत जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांना आणि गरज पडल्यास पुण्याच्या सैनिक कल्याण विभागाला द्या.